इवलं घर घडवताना या चुका टाळा

इंग्लंडच्या डेव्हिड विंटरने 1979 मध्ये ‘मिल हाउस’ हे शोभेचं इवलंसं घर घडवलं आणि जॉन हाइनच्या साथीने त्याचा धंदा उभा राहिला. 1982 मध्ये कंब्रियातल्या पेनरिथला डेव्हिड टेटने अशीच घरं बनवणारी ‘लिलिपुट लेन’ कंपनी काढली. ही घरं पाहून वाटतं, सगळी करामत कोरीवकामात आहे. पहिली चूक इथेच. मूळ नमुना कोरायचा एकदाच; त्यावरून सिलिकॉनचा साचा काढायचा आणि विकायची ती साच्यात प्लास्टर ओतून निघालेली घरं. त्यामुळे साचा कसा सुटेल, हे कोरतानाच डोळ्यांपुढे हवं.

माझ्या पहिल्या कौलारू घराची वळचण मी हौसेने खोल कोरली. साचा सोलताना तीन कौलं आतच राहिली. सिलिकॉन ताणलं जातं, ओलं प्लास्टर नाही. आता तो पोकळ भाग मी भरून टाकतो आणि खोली रंगाने दाखवतो. गडद पातळ रंग सावलीचं काम करतो. धुराडंही जरा जाडच बरं.

भिंतीला देवीचे व्रण दिसतात? बुडबुडे. प्लास्टर पाण्यात भुरभुरवायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्या, हळू ढवळा. आधी ब्रशने खाचाकोपऱ्यांत पातळ थर, मग उरलेलं ओता आणि साचा टेबलावर हलके आपटा.

साच्याचं सिलिकॉन चिकटच राहिलं, तर नमुन्याच्या मातीत गंधक असेल. प्लॅटिनमवालं, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं सिलिकॉन त्यावर घट्ट होतच नाही. टिनवालं होतं, पण ते काही वर्षांत आकसतं आणि फाटायला लागतं. म्हणून पुढचे साचे काढायला पहिल्याच साच्यातून एक कडक नग काढून जपून ठेवा. मूळ नमुना मेणाचा असला, तर तो साचा काढताना बहुधा मोडतोच.

रंगाची घाई सगळ्यांनाच असते. घर गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. पावसाळ्यात आठ-दहा दिवससुद्धा लागतात. ओव्हन मात्र नको, जास्त तापलं की प्लास्टर भुसभुशीत होतं.

नाव आणि साल मूळ नमुन्याच्या तळालाच कोरा, नंतर पेनाने नको. माझ्या पहिल्या चाळीसेक घरांवर नाव नाही. त्यातलंच एक एका प्रदर्शनात दुसऱ्याच्या स्टॉलवर दिसलं, धुराड्याचा वाकडा कोपरासुद्धा तोच. उलटं करून पाहिलं, तळ कोरा. गुपचूप परत ठेवलं.