ट्युमर सेलच्या ईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) फोटोत टी-व्हेक कसा वाचायचा

टी-व्हेक म्हणजे 2015 ला अमेरिकेत मेलानोमासाठी (त्वचेचा कॅन्सर) मंजूर झालेला, ट्युमर सेल्स मारणारा व्हायरस, मूळचा ओठांवर फोड उठवणारा हर्पिस सिम्प्लेक्स 1 च, फक्त आयसीपी34.5 आणि आयसीपी47 जीन्स काढून जीएम-सीएसएफ या इम्यून सिस्टीमला चेतवणाऱ्या प्रोटीनचा जीन टाकलाय. फोटोत गोल ठिपका दिसला की व्हायरस म्हणून मोकळे होऊ नका.

आधी स्केल बार बघा आणि न्यूक्लियसची दुहेरी रेघ शोधा, कारण हर्पिसचं कवच न्यूक्लियसच्या आत बनतं (व्हॅक्सिनिया या दुसऱ्या व्हायरसचं सगळं न्यूक्लियसबाहेरच्या साइटोप्लाझममध्ये, तिथे हे चालणार नाही). कवच म्हणजे कॅप्सिड, साधारण 125 नॅनोमीटर. आता खरी मजा इथे आहे, व्हीपी5 हे कवचाचं मुख्य प्रोटीन एका आतल्या साच्याभोवती जमतं, स्लॅबला सेंटरिंग लावतात ना तसंच, मग व्हायरसचाच प्रोटीएज (प्रोटीन कापणारा एन्झाइम) तो साचा कापतो, गोल कवच कोनदार होतं आणि एका टोकाच्या पोर्टलमधून सुमारे 152 हजार बेस पेअरचा डीएनए आत कोंबला जातो. म्हणून तीन प्रकार दिसतात: आत काळाकुट्ट गाभा असेल तर सी, म्हणजे भरलेलं. आत अजून एक रिंग असेल तर बी, साचा अडकून राहिलाय. पोकळ असेल तर ए, डीएनए टिकलाच नाही. ए आणि बी बहुतेक वाया गेलेला माल.

मग रेघेवर या. दोन पडद्यांच्या मधे वेष्टणात गुंडाळलेला कण दिसला तर तो बाहेर पडायच्या वाटेवर आहे, ते वेष्टण तो बाहेरच्या पडद्यात सोडून देतो, साइटोप्लाझममध्ये उघडा येतो, टेग्युमेंट (कवच आणि वेष्टण यांच्या मधला थर) प्रोटीन्स चिकटवून घेतो आणि गॉल्जीजवळच्या पिशव्यांमध्ये नवीन वेष्टण घेतो. हाच पूर्ण कण, साधारण 200 नॅनोमीटर.

शेजारी नॉर्मल सेलचा कंट्रोल फोटो ठेवाच. तिथे व्हायरस शिरला की पीकेआर हा सेलचाच एन्झाइम सेलमध्ये प्रोटीन्स बनणंच थांबवतो, आणि ते उलटवणारा आयसीपी34.5 नाहीये, मग कवचाला माल कुठून येणार? बऱ्याच ट्युमर सेल्समध्ये हा ब्रेक ढिला असतो म्हणून तिथे कॅप्सिड्सची गर्दी दिसते.

मोजताना न्यूक्लियसमधले आणि वेष्टणवाले कण वेगळे मोजा. आणि पूर्ण दिसणारा कण संसर्ग करेलच असं नाही हं, त्यासाठी प्लाक अ‍ॅसे (सेल्सच्या थरावर व्हायरस सोडून मेलेल्या सेल्सचे डाग मोजायची टेस्ट) लावावीच लागते.