डोळ्याभोवती खाज, लाली, सालपटं: लावायच्या आधी काय बंद करायचं ते बघा

पापणी लाल झाली, सालपटं निघायला लागली, खाज सुटली की आपल्याकडं लगेच कोण ना कोण काहीतरी लावायला सांगतं. आत्या म्हणते गाईचं तूप लाव, शेजारच्या काकू म्हणतात सांगलीत राहून हळद सोडून क्रीम कशाला शोधतेस, मेडिकलवाला न विचारता एक ट्यूब काढून पुढं ठेवतो. मला लहानपणापासून हा त्रास आहे, आता भाचीलाही आहे, आणि इतकी वर्षं बघून माझं ठाम मत झालंय की डोळ्याभोवतीच्या एक्झिमात (अशा लाल, खाजऱ्या, सालपटं निघणाऱ्या कातडीला डॉक्टर हेच म्हणतात) काय लावायचं हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न काय थांबवायचं हा आहे. म्हणून त्याच क्रमानं लिहितेय.

आधी एवढं समजून घ्या की पापणीची कातडी अख्ख्या अंगात सगळ्यात पातळ असते, एक मिलिमीटरसुद्धा जाड नाही. त्यामुळं हाताला, केसांना, मानेला लावलेली वस्तू तिथं काहीच करत नाही आणि पापणीवर मात्र उमटते. नेलपॉलिशचं उदाहरण तर डॉक्टर हमखास देतात, नखाजवळ साधा डागसुद्धा नसतो, पण दिवसभरात बोट नकळत कितीतरी वेळा डोळ्याला लागतं आणि ॲलर्जी पापणीवर येते. केसांच्या डायचंही तेच. आणि काळी मेंदी म्हणून जे पाकीट मिळतं ते नैसर्गिक आहे असं समजून बायका निर्धास्त लावतात, पण बहुतेक काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं तेच डायचं केमिकल असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी डाय केला आणि हळदीला डोळे सुजून बंद, हे आमच्या तासगावच्या वहिनींचं झालंय, आणि घरातले सगळे म्हणत होते की जागरणानं झालं.

पहिले दोन-तीन आठवडे सगळं बंद

सगळं म्हणजे खरंच सगळं. काजळ, आयलायनर, मस्करा, फेसवॉश, सिरम, गुलाबपाणी, वेट वाइप्स, नेलपॉलिश, परफ्यूम, सुगंधी तेल, टिकलीसुद्धा काही दिवस राहू द्या कारण टिकलीच्या गमाची ॲलर्जी असणारे बरेच असतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर चष्म्यावर या. एकेक वस्तू बंद करून बघायच्या भानगडीत पडू नका, त्यात महिने जातात आणि शेवटी काहीच कळत नाही, कारण ॲलर्जीची लाली वस्तू लागल्याबरोबर येत नाही, एक-दोन दिवसांनी येते आणि तोपर्यंत आपण तिसऱ्याच गोष्टीला दोष देत बसतो.

मग उरतं काय, तर कोमट पाणी आणि साधी पांढरी पेट्रोलियम जेली. साधी म्हणजे कोरफडवाली नाही, व्हिटॅमिनवाली नाही, लहान बाळाचं चित्र असलेली वासाची तर अजिबात नाही, बेबी प्रॉडक्ट आहे म्हणजे सौम्यच असणार हा आपला समज चुकीचा आहे, त्यात सुगंध असतोच बऱ्याचदा. मॉइश्चरायझर घ्यायचा असेल तर डबीवर फ्रेग्रन्स फ्री लिहिलेलं बघा, अनसेंटेड नको, कारण अनसेंटेडमध्ये कधी कधी मूळचा वास मारायला दुसरा सुगंध घातलेला असतो.

तोंड धुताना डोळ्यांवर पाण्याचे हबके मारू नका, ओंजळीतलं पाणी हळू सोडा, साबण डोळ्यापर्यंत आणू नका. पुसायला टॉवेल नको, जुन्या धुतलेल्या सुती साडीचा तुकडा घ्या आणि नुसता टेकवा, घासायचं नाही. कातडी किंचित ओली असतानाच जेली लावायची. डबीत बोट घालायच्या आधी हात धुवा, तांदळाच्या दाण्याएवढी जेली करंगळीशेजारच्या बोटावर घ्या, कारण त्या बोटाचा जोर सगळ्यात कमी पडतो, दोन बोटांत पातळ करा आणि डोळ्याभोवतीच्या हाडाच्या कडेवरून थापटत थापटत आत या, पापणीच्या केसांच्या अलीकडं थांबा. डोळ्यात गेली तर थोडा वेळ धूसर दिसतं, घाबरू नका, पण गाडी चालवायच्या आधी लावू नका. दिवसातून दोन-तीनदा आणि झोपताना एकदा, एवढं पुरे.

केस धुताना मान मागं टाकून धुवा, म्हणजे शॅम्पूचं पाणी तोंडावरून उतरणार नाही. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण भाचीच्या बाबतीत अर्धा फरक यानंच पडला.

खाज असह्य झाली की थंड पाण्यात भिजवून पिळलेली सुती घडी पाच-दहा मिनिटं मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. बर्फ थेट लावू नका. चोळायचं नाही हे सगळेच सांगतात पण का ते कोणी सांगत नाही, तर वर्षानुवर्षं डोळे चोळल्यानं डोळ्याचा पुढचा काचेसारखा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढं येऊ शकतो, त्याला केराटोकोनस म्हणतात आणि तो आपोआप परत जाग्यावर जात नाही. लहान पोरं झोपेत चोळतात, त्यांची नखं बारीक कापा, झोपताना सुती हातमोजे घाला. खाजेची गोळी हवी असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच.

कारण कसं शोधायचं

आरशात नुसती पापणी बघू नका, आजूबाजूचं बघा. वरच्या दोन्ही पापण्यांसोबत कपाळाची केसांची कड आणि कानामागं लाल असेल तर डाय किंवा शॅम्पूवर संशय घ्या. डोळ्यात ड्रॉप टाकत असाल आणि खालची पापणी व गालावर ओघळ जातो तेवढाच पट्टा लाल असेल तर ड्रॉपच कारण असू शकतो, त्यातलं प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे औषध टिकवायला घातलेलं केमिकल, किंवा निओमायसिनसारखं अँटिबायोटिक. नाकाच्या बाजूला चष्म्याचा धातू टेकतो तिथंच खाज असेल तर त्या धातूतल्या निकेलवर संशय घ्या. आणि पापण्यांबरोबर गळा, कोपराची घडी, हनुवटीखालचा भाग असं सगळं पेटलं असेल तर ते हवेतून येत असू शकतं.

पापण्यांच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसत असतील, सकाळी डोळे चिकटत असतील तर तो पापणीच्या कडेचा वेगळा आजार असू शकतो, ब्लेफरायटिस, त्यात उलट गरम शेक लागतो. तो डोळ्याच्या डॉक्टरांकडून बघून घ्या.

हवेतून येणारं म्हटलं की आपल्या भागात पहिलं नाव काँग्रेस गवताचं. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे गाजर गवत आता आपल्या प्रत्येक बांधावर आणि मोकळ्या प्लॉटवर आहे. त्याची ॲलर्जी एकदा जडली की पापण्या, मान, हात सोलून निघतात. पावसाळ्यात ते माजतं, पण वाळल्यावर धोका संपला असं समजू नका, वाळलेल्या झाडाचा भुगासुद्धा वाऱ्यावर येऊन त्रास देतो, म्हणून उपटून घराजवळ ढीग लावणं किंवा जाळणं दोन्ही नको. उपटायचंच असेल तर फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून, आणि ज्याला ॲलर्जी आहे त्यानं त्या कामाला जाऊच नये.

मग द्राक्षबागा. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागात छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड नावाच्या केमिकलची पेस्ट लावतात, पुढं डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), फवारणी, आणि बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी. ही सगळी कामं करणाऱ्या बायका घाम पुसायला तोच हात, तोच पदर डोळ्याला लावतात. हातमोजे, बंद गॉगल आणि कमरेला एक वेगळं स्वच्छ फडकं फक्त तोंडासाठी, एवढं केलं तरी बराच फरक पडतो, आणि बागमालकानं मजुरांना हे पुरवायलाच पाहिजे, ते काही उपकार नाहीत. घरी आल्यावर आधी हात, मग तोंड, मग कपडे बदलायचे, त्या पदरानं पोराचं तोंड पुसायचं नाही. मार्केट यार्डात हळदीचं पॉलिश, मिरची, धान्य यांच्या धुळीत काम करणाऱ्यांनाही हेच लागू. टू-व्हीलरवर असाल तर हेल्मेटची काच खाली, विशेषतः ऊस गाळपाच्या हंगामात, ट्रॅक्टर-ट्रॉलीमागं धूळ किती असते सांगायला नको.

घरात उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल यांचा धूर बंद करून बघा. देवापुढं नुसतं निरांजन लावलं तरी चालतं, मी आईला हेच सांगितलं आणि तिनं ऐकलं.

आता घरच्या उपायांबद्दल. आपल्या सांगलीच्या हळदीचं कौतुक मलाही आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण हळदीची कातडीला ॲलर्जी होऊ शकते हे डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे, आणि कुंकवाचीही. फुटलेल्या, चिरा पडलेल्या पापणीवर हळद, लिंबू, कोरफडीचा ताजा गर, तुळशीचा रस, मध यातलं काहीही लावू नका. जेवणात भरपूर घाला हळद, पापणीवर नको.

ट्यूबबद्दल नीट वाचा

मेडिकलमधून मिळणाऱ्या खाजेच्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन अशी नावं ट्यूबवर बारीक अक्षरात असतात, सोबत अँटिबायोटिक आणि गजकर्णाचं औषधही एकत्र घातलेलं. लावलं की दोन दिवसांत पापणी स्वच्छ दिसते म्हणून लोकांना ते जादू वाटतं. पण पातळ कातडीतून ते जास्त शोषलं जातं, कातडी आणखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, थांबवलं की पहिल्यापेक्षा जास्त भडकतं, आणि महिनोन् महिने वापरलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. शेजारणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

याचा अर्थ स्टेरॉइड वाईटच असं नाही. त्वचारोगतज्ज्ञ गरज असेल तर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मोजक्या दिवसांसाठी देतात, आणि त्यांनी दिलं असेल तर भीतीनं अर्धवट सोडू नका. त्रास परत परत येत असेल तर टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमस देतात, ही स्टेरॉइड नसलेली औषधं आहेत, कातडी पातळ करत नाहीत. टॅक्रोलिमस ०.०३ टक्क्याचं दोन वर्षांवरच्या मुलांनाही देतात, ०.१ टक्क्याचं मोठ्यांना. सुरुवातीला काही दिवस आग होते, तिथंच बहुतेक लोक सोडून देतात. ट्यूब फ्रीजमध्ये गार करून लावली तर आग कमी वाटते, आणि ते लावून उन्हात जाताना टोपी-गॉगल घाला.

त्याच दिवशी डॉक्टरकडं कधी पळायचं ते सांगते. डोळा आतून दुखतोय, धूसर दिसतंय, उजेड सहन होत नाही. एक्झिम्यावर अचानक दुखरे, पाण्यानं भरलेले एकसारखे बारीक फोड आले, कारण ती नागिणीच्या जातीतल्या विषाणूची लागण असू शकते आणि डोळ्याला धोका असतो. किंवा ताप आणि पापणी सुजून डोळा हलवताना दुखतंय. यात रात्र काढू नका. पिवळी खपली, पू असेल तरी दाखवा. आणि पापण्यांवर जांभळट झाक येऊन जिना चढायला, हात वर करून केस विंचरायला जड जायला लागलं तर तो एक्झिमा नसण्याची शक्यता आहे, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, लोक या दोन गोष्टी जोडत नाहीत आणि सांगायचं राहून जातं.

दोन-तीन आठवडे सगळं बंद ठेवूनही फरक नाही किंवा सारखं उलटतंय तर पॅच टेस्टबद्दल विचारा. सांगलीच्या सिव्हिलमध्ये, मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजमध्ये स्किन ओपीडी आहे, खाजगी डॉक्टरही आहेत, टेस्ट कुठं होते ते तिथंच कळेल. पाठीवर ॲलर्जी करणाऱ्या वस्तूंचे थेंब असलेल्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तास ठेवतात, मग काढून बघतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी परत बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही, म्हणून भर उन्हाळ्यात किंवा शेतीच्या गडबडीत ठेवू नका. जाताना आपण वापरतो त्या सगळ्या वस्तू, तेल, टिकलीचं पाकीट, डाय, ड्रॉप, पिशवीत घालून घेऊन जा. सुई टोचून किंवा रक्तातून करतात ती ॲलर्जीची टेस्ट वेगळी, या त्रासात तिचा फारसा उपयोग होत नाही आणि पैसे मात्र बरेच जातात.

बरं वाटायला लागलं की वस्तू एकेक करून परत आणा, एका वेळी एकच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज दोनदा लावून बघा, तिथं काही झालं नाही तरच डोळ्याजवळ. धुऊन टाकायच्या वस्तू आणि डाय मात्र असं लावून बघायचं नाही. जुना मस्करा, अर्धं झालेलं काजळ फेकून द्या. टेस्टमध्ये जी नावं निघतील त्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पार्लरमध्ये, मेडिकलमध्ये आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडं ड्रॉप लिहून घ्यायच्या आधी तो दाखवायचा.