‘डुकरात वाढली मानवी किडनी’ ही बातमी कशी वाचावी

असा मथळा दिसला की बातमी नेमक्या कोणत्या तंत्राविषयी आहे, हे सर्वप्रथम पाहावे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड येथे डेव्हिड बेनेट या हृदयरुग्णाला बसवलेले हृदय डुकराचेच होते. शरीराने ते नाकारू नये म्हणून त्याच्या जनुकांत दहा बदल केलेले होते. मानवी मूलपेशींपासून (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून शरीरातील इतर पेशी घडू शकतात अशा पेशी) प्राण्याच्या शरीरात अवयव वाढवणे ही निराळी वाट आहे, आणि ती अजून बरीच मागे आहे.

या दुसऱ्या पद्धतीत प्राण्याच्या भ्रूणातील, ठरावीक अवयव घडवणारे जनुक निकामी करून त्यात दुसऱ्या प्रजातीच्या मूलपेशी सोडतात आणि रिकाम्या जागी त्या पेशींनी तो अवयव घडवावा अशी अपेक्षा असते. माऊस (छोटा उंदीर) आणि रॅट (मोठा उंदीर) या जवळच्या प्रजातींत हे साधले आहे: मूलपेशींवर काम करणारे शास्त्रज्ञ हिरोमित्सू नाकाउची यांच्या गटाने २०१७ मध्ये रॅटमध्ये माऊसचे स्वादुपिंड वाढवले, आणि त्यातील इन्सुलिन तयार करणारे पेशीपुंज मधुमेही माऊसमध्ये बसवल्यावर त्यांची साखर वर्षभराहून अधिक काळ आटोक्यात राहिली.

माणूस आणि डुक्कर यांच्यातील अंतर मात्र फार मोठे आहे, म्हणून तेथे आकडे बारकाईने वाचावेत. चीनमधील ग्वांगझू येथील शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मानवी मूलपेशी सोडलेली डुकराची १,८२० भ्रूणे १३ डुकरिणींत रोवली; २५ ते २८ दिवसांनी काढून तपासलेल्या पाच भ्रूणांच्या मूत्रपिंडांत ५० ते ६० टक्के पेशी मानवी होत्या. पण हे भ्रूणावस्थेतील, पुढे कायमच्या मूत्रपिंडासाठी जागा सोडणारे प्राथमिक मूत्रपिंड होते, आणि उरलेल्या पेशी डुकराच्या असल्याने रुग्णाचे शरीर असा अवयव नाकारू शकते. मोजक्या मानवी पेशी भ्रूणाच्या मेंदूतही सापडल्या. गर्भ जन्मापर्यंत वाढू द्यावा की नाही, हा प्रश्न म्हणूनच इतका अवघड आहे आणि तो हलक्यात घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

घरात डायलिसिसवर कोणी असेल तर या बातमीच्या भरवशावर प्रत्यारोपणासाठीची नोंदणी लांबवू नये. उपचार सुरू असलेले रुग्णालय प्रत्यारोपणासाठी नोंदणीकृत आहे का ते विचारावे आणि विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत नाव लावून घ्यावे. पैसे घेऊन ‘स्टेम सेलने किडनी बरी करतो’ असे कोणी सांगितल्यास, ती मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणी आहे का, याची लेखी नोंद आधी मागावी.