गाण्यांच्या संग्रहाचा बॅकअप: तीन डिस्क, दोन घरं आणि एक वही

डिस्क बंद पडली तर ते निदान कळतं तरी. खरा घात मुकाट्याने होतो. टॅग (गाण्याच्या फायलीतच लिहिलेली गायक, राग वगैरे माहिती) नीट करताना एखादं फोल्डर चुकून पुसलं जातं, आणि त्याच रात्री बॅकअपचा प्रोग्राम ते दुसऱ्या डिस्कवरूनही इमानेइतबारे पुसून टाकतो. सहा महिन्यांनी कुणीतरी ती मैफल ऐकायला मागतं, तेव्हा ती दोन्हीकडे नसते. पुढची सगळी व्यवस्था मुख्यतः या प्रकारासाठी आहे. मेलेल्या डिस्कची सोय त्यात आपोआप होते.

किती जागा लागेल

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट आणि दोन चॅनेल असतात, म्हणजे मिनिटाला साधारण १०.६ एमबी. फ्लॅक (आवाजाला धक्का न लावता फाइल लहान करणारा प्रकार) केल्यावर त्याचं ५० ते ६५ टक्के होतं. ५५ मिनिटांची सीडी धरली तर ३०० ते ३८० एमबी, आणि तीन हजार सीडींना ढोबळमानाने १ टीबी. कॅसेट आणि स्पूलवरून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवलेलं वेव्ह (न दाबलेला, मूळ आकाराचा आवाज) मात्र तासाला २.०७ जीबी खातं. असे २५० तास म्हणजे आणखी ५२० जीबी. एकूण झालं दीड टीबी.

मग २ टीबीची डिस्क पुरेल? भरेल, पुरणार नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे २ टीबीची डिस्क १.८१ दिसते आणि ४ टीबीची ३.६३. पुसलेल्या फायलींच्या जुन्या प्रती ठेवायलाही जागा हवी. संग्रहाच्या दुप्पट ते अडीचपट हा हिशोब बरा, म्हणून इथे ४ टीबीच्या तीन घ्या. तिन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या घेऊ नका. एका घाण्यातला दोष तिघींत असू शकतो.

अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि तो हरवला की डिस्क असून नसल्यासारखी. ने-आण करायची असेल तर अडीच इंची सोयीची. मात्र जास्त क्षमतेच्या अडीच इंची डिस्क बहुतेक करून एसएमआर प्रकारच्या असतात. त्यांत डेटाचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून मधलं एक कौल बदलायचं तर पुढचीही उचलावी लागतात. काही शे जीबी सलग लिहिल्यावर वेग एकदम पडतो, तो यामुळे. डिस्क बिघडली म्हणून घाबरून केबल उपटू नका. बॅकअपला ही चालते, पण रोजच्या कामाची डिस्क म्हणून वापरू नये.

एसएसडी धक्क्याला पक्की, पण कपाटात वर्षानुवर्षं बिनविजेची ठेवण्यासाठी ती नाही. तिच्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो हळूहळू झिरपतो, उष्णतेत जास्तच. आणि ‘१६ टीबी’ म्हणून हजार-दोन हजारांत मिळणारी पोर्टेबल एसएसडी म्हणजे सरळ फसवणूक. आत छोटं कार्ड असतं, ते भरलं की नवीन फायली हवेत लिहिल्या जातात. नावं दिसतात, आत गाणं नसतं.

नवी डिस्क आली की

लगेच भरायला बसू नका. एच२टेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्राम अख्खी डिस्क लिहून परत वाचतो. ४ टीबीला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने लिहायला अकरा तास आणि वाचायला अकरा. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे रॉ आकडे पाहा, डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागांची मोजणी त्यांत असते. तिन्ही शून्य हवेत. नव्या डिस्कवर सी५ शून्याच्या वर गेला तर बिल घेऊन दुकान गाठा, ‘थोडं चालतंच’ हे ऐकून घेऊ नका. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, गाणी नाही.

केबल यूएसबी ३ ची आहे ना, तेही बघा. पुण्यात तपकीर गल्लीत सुटी केबल घेताना चपट्या टोकाच्या आत डोकावा: पुढच्या चार पट्ट्यांच्या मागे आणखी पाच बारीक पट्ट्या दिसल्या तर ती खरी. नुसती निळी जीभ पाहून घेऊ नका, निळं प्लास्टिक कुणालाही लावता येतं. दीड टीबीला यूएसबी ३ वर चार-सव्वाचार तास लागतात, यूएसबी २ वर बारा.

फॉरमॅट: घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅकही असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये जर्नल (चालू बदलांची नोंद) नसतं, मध्येच वीज गेली तर फोल्डरचा हिशोब बिघडू शकतो. फॅट३२ नकोच. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह दोन तास चार मिनिटांना अडते. वेव्हची स्वतःची मर्यादाही तेवढीच, कारण तिच्या मथळ्यात आकार लिहायला ३२ बिटच असतात. तीन तासांची मैफल एका फायलीत हवी तर फ्लॅकच करा.

देवनागरी नावांची गंमत

इंग्रजी मार्गदर्शनात हे सापडत नाही, आणि मराठी संग्रहाला तर नेमकं हेच छळतं. ‘दुसऱ्या दिवसाची मैफल’ असं फोल्डर घ्या. यातला ‘ऱ्य’ तीन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे एकच अक्षर वापरून, र आणि खाली नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच, संगणकाला तीन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत ऱ चे स्वतःहून र आणि नुक्ता असे दोन तुकडे करते. तीच डिस्क पुढे विंडोजशी जुळवली की प्रोग्रामला वाटतं जुनं फोल्डर गेलं आणि नवीन आलं. मग एक तर सगळं दोनदा साठतं, नाही तर एक पुसलं जातं. शोधलं तर दोनांतलं एकच सापडतं.

उपाय साधा आहे: सगळी नावं एकाच संगणकावर, एकाच कीबोर्डने द्या, आणि बॅकअपही त्याच संगणकावरून घ्या. जुन्या संग्रहात एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी-शेजारी दिसली तर डोळे चोळू नका, एकातल्या फायली दुसऱ्यात हलवा.

लांबीचंही तसंच. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फायलीपर्यंतचा पूर्ण मार्ग साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो, आणि मात्रा-हलन्त वेगळे मोजले जातात. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, संगणकाला चार. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये (घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. गायक, राग, ताल, साथीदार, स्थळ आणि तारीख हे सगळं फायलीच्या नावात कोंबायची हौस असेल तर ती टॅगमध्ये भागवा. नावात ‘मारवा – विलंबित’ पुरे. प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखा दिसणारा कोलनही नावात नको, विंडोज ते घेत नाही.

प्रत्यक्ष कॉपी

तिन्ही डिस्कना नावं द्या, लाल, निळी आणि हिरवी, आणि त्याच रंगाची चिकटपट्टी वर लावा. पहिली कॉपी टेराकॉपीने, ‘व्हेरिफाय’ चालू ठेवून करा. वेळ जवळपास दुप्पट लागतो, लागू दे. पुढच्या वेळांसाठी फ्रीफाइलसिंक हा दोन फोल्डर जुळवणारा प्रोग्राम. त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ असे दोन पर्याय दिसतात. मिरर मूळ संग्रहात जे नाही ते बॅकअपमधूनही काढतो, वर सांगितलेला घात तोच. अपडेट काही पुसत नाही, पण तुम्ही फोल्डरांची नावं बदलत असाल तर वर्षभरात जुन्या-नव्या नावांची खिचडी होते. म्हणून मिररच ठेवा, फक्त पुसलेल्या फायलींसाठी ‘व्हर्जनिंग’ निवडून त्याच डिस्कवर ‘अडगळ’ नावाचं फोल्डर संग्रहाच्या बाहेर द्या. जे निघेल ते तिथे पडून राहील. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी डिस्कचं नाव वापरा, कारण विंडोज अक्षरं बदलतं आणि एखाद्या दिवशी ‘एफ’ म्हणजे भलताच पेनड्राइव्ह निघतो.

‘सिंक्रोनाइझ’ दाबण्याआधी ‘कंपेअर’ करून आकडे वाचा. चार नवे अल्बम टाकलेत आणि पुसायच्या फायली १,८०० दिसताहेत? थांबा. बहुधा एखाद्या फोल्डरचं नाव बदललंय, किंवा मूळ डिस्क नीट जोडलेलीच नाही.

अजून एक खाच. प्रोग्राम तारीख आणि आकार पाहून बदल ओळखतो. फ्लॅकमध्ये टॅगसाठी आधीच रिकामी जागा राखलेली असते, त्यामुळे रागाचं नाव दुरुस्त केलं तरी आकार बदलत नाही. वर एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये ‘फायलीची मूळ तारीख जपा’ हा पर्याय चालू असला की तारीखही तीच. दिवसभर खपून केलेल्या दुरुस्त्या बॅकअपला दिसतच नाहीत. तो पर्याय बंद करा.

महावितरणची दुरुस्तीची कामं पुण्यात बहुधा गुरुवारी निघतात, तेव्हा मोठी कॉपी गुरुवारी सकाळी सुरू करू नये. लॅपटॉप असेल तर बॅटरी सांभाळून घेते, डेस्कटॉपला यूपीएस हवा. चालती डिस्क स्पीकरवर ठेवू नका. चुंबकाची भीती फुकाची, कंपनाची खरी. २००८ साली ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने सर्व्हरमधल्या डिस्कसमोर नुसतं ओरडून त्यांचा वेग पडतो हे दाखवलं होतं. लक्ष्मी रस्त्यावर खिडकीखाली ढोलपथक उभं असताना काय होत असेल, याचा अंदाज करा आणि विसर्जनाच्या दिवशी सुट्टी घ्या. काम झाल्यावर ‘इजेक्ट’ करा, तबकडी थांबेपर्यंत दहा सेकंद थांबा, मगच उचला.

तपासणी

प्रत्येक फ्लॅक फायलीच्या सुरुवातीला मूळ आवाजाचा एमडी५ ठसा असतो. फूबार या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये फायली निवडून ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ चालवलं की प्रत्येक फाइल उलगडून तो ताडून पाहिला जातो. एमपी३ आणि वेव्हमध्ये असा ठसा नसतो, त्यांच्यासाठी टेराकॉपीनेच चेकसमची (अशाच ठशांची) फाइल करून संग्रहासोबत ठेवा. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क अशी आखी वाचून काढा. बॅकअपवरची फाइल खराब निघाली तर मूळ संग्रहातून आणा, आणि मूळ खराब निघाली तर बॅकअपवरून. मात्र मिरर चालवण्याआधी.

वहीत चारच रकाने: तारीख, डिस्कचा रंग, फायलींची संख्या, सी५ चा आकडा. वाढू लागलेला सी५ वहीतच दिसतो, आठवणीत नाही.

कुठे ठेवायच्या

लाल घरात, निळी दुसऱ्या घरात, हिरवी दोघींच्या मध्ये फिरती. एकाच कपाटातल्या दोन डिस्क म्हणजे एकच प्रत. पानशेतचं १९६१ सोडा, २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी घरांत शिरलं होतं. घर नदीकाठी असेल तर दुसरी प्रत कोथरूडला बहिणीकडे, वरच्या मजल्यावर. बँकेचा लॉकर सुरक्षित खरा, पण तिथे जाणं होत नाही आणि प्रत शिळी होते. बहिणीकडे जाणं होतंच.

अदलाबदल गुढीपाडव्याला आणि खंडेनवमीला करा. खंडेनवमीला हत्यारं बाहेर निघतातच, त्यांत या दोन डिस्क. पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारे खडे घेतले तर कधी तापवून वाळवायचे ते कळतं.

अदलाबदलीच्या दिवशी परत आलेली डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडा, कुठलीही दहा गाणी शेवटपर्यंत वाजवा आणि एक प्लेलिस्ट उघडा. प्लेलिस्टा जुन्या एम३यू प्रकारात असतील तर देवनागरी नावं तुटू शकतात, एम३यू८ मध्ये जपा.

डिस्कला पासवर्ड लावू नका. डब्यात एक चिठ्ठी ठेवा: यात काय आहे, कुठल्या प्रोग्रामने उघडतं, वही कुठल्या खणात आहे. पेनने, मोठ्या अक्षरात.