कॅटफिश कात टाकू लागला तर

कॅटफिशच्या अंगावरून पांढुरका पापुद्रा सुटून पाण्यात लोंबताना दिसला की हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आवरा. कॅटफिशला खवले नसतात. बहुतेक जातींची कातडी उघडीच असते आणि तिच्यावर बुळबुळीत थराचे तेवढे पांघरूण. पाणी टोचू लागले की मासा हा थर भराभर बनवतो आणि जुना सोडून देतो. बँजो कॅटफिश मात्र अधूनमधून आपसूकच कात टाकतो, त्याची काळजी नको.

बाजूने टॉर्च मारून नीट बघा. पापुद्रा ओल्या टिश्यू कागदासारखा पातळ आणि खालची कातडी स्वच्छ, नेहमीच्या रंगाची असेल तर दोष बहुधा पाण्याचा. पाठीवर खोगिरासारखा राखाडी पट्टा, लालसर कडा किंवा जखम दिसली तर जिवाणूंचा संसर्ग समजा. तो गरम पाण्यात एक-दोन दिवसांत पसरतो, म्हणून मासा लगेच वेगळ्या टाकीत हलवा आणि जिवाणूंवरचे औषध सुरू करा. रव्यासारखे सुटे पांढरे दाणे म्हणजे इक, परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग.

आता पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत. पीएच ठीक असून अमोनिया दिसला तर लगेच ३० टक्के पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण बरेच दिवस पाणी न बदललेल्या टाकीत पीएच ६ पर्यंत घसरलेला असेल तर इथेच घात होतो. आम्लधर्मी पाण्यात साचलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. एकदम निम्मे पाणी बदलून पीएच वर नेला की तोच विषारी होतो. अशा वेळी रोज १० टक्केच बदला.

नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट हवे, फरक १-२ अंशांचा चालेल. नळाचे पाणी बादलीत रात्रभर ठेवल्याने त्यातले क्लोरीन उडून जाते, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) जात नाही. त्यासाठी डीक्लोरिनेटर, म्हणजे ते निष्प्रभ करणारे द्रावणच लागते. पाणीबदलानंतर दुसऱ्याच दिवशी कात निघाली असेल तर पहिला संशय याच दोन गोष्टींवर घ्या.

पापुद्रा हाताने ओढू नका, खालची कच्ची कातडी फाटते. जाळीही नको, परांचे काटे तिच्यात अडकतात. मासा हलवायचाच झाला तर डब्यात घ्या. दिवे मंद ठेवा, हवेचा पंप वाढवा, दोन दिवस खाणे बंद. तळाशी पडलेले तुकडे सायफनने काढा, नाहीतर ते कुजून पुन्हा अमोनिया वाढवतात. मीठ घालायचे तर लिटरला १ ग्रॅम, तेही आधी विरघळवून, दिवसभरात तीन वेळा विभागून. तांबे असलेली औषधे कॅटफिशला सोसत नाहीत, ती टाळा.

पाणी सुधारल्यावर काही दिवसांत अंग पुन्हा तुकतुकीत दिसू लागते. आठवड्यानंतरही नवे पापुद्रे सुटत असतील तर रात्री दिवा बंद करून अर्ध्या तासाने टाकीत डोकावा. कधीकधी प्लेको (तोंडाने चिकटून राहणारा कॅटफिश) झोपलेल्या माशाच्या अंगाला चिकटून त्याचा बुळबुळीत थर खरवडत असतो, आणि मग दोघांना वेगळे केल्याशिवाय इलाज नाही.