जनुकांची क्रमवारी लावताना: बेझियन पद्धतीचा एक अनुभव

जनुकीय अभिव्यक्तीच्या, म्हणजे कोणते जनुक पेशीत किती सक्रिय आहे याच्या, विश्लेषणाचे काम मी सुरू केले, तेव्हा क्रमवारी लावणे हाच त्यातला सर्वांत सोपा भाग असेल अशी माझी समजूत होती. बाधित पेशींचे 3 नमुने, निरोगी पेशींचे 3 आणि हजारो जनुके. प्रत्येक जनुकाला दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी लावायची आणि आलेले आकडे उतरत्या क्रमाने मांडायचे, एवढेच. माझ्या यादीतल्या पहिल्या पाच जनुकांची प्रयोगशाळेत पीसीआरने (एकेक जनुक स्वतंत्रपणे मोजण्याच्या पद्धतीने) पडताळणी झाली आणि एकातही सांगण्याजोगा फरक आढळला नाही. सहकाऱ्यांचे कित्येक आठवडे त्यात गेले होते. नमुने निर्दोष होते, चुकली होती ती माझी क्रमवारी.

टी म्हणजे सरासरीतील फरक भागिले प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या फरकातली अनिश्चितता. नमुने इतके थोडे असले की एखाद्या जनुकाची मापने निव्वळ योगायोगाने एकमेकांना चिकटून येतात, भाजक नगण्य होतो आणि क्षुल्लक फरकही डोंगराएवढा दिसू लागतो. हे आकड्यांत पाहू. पहिल्या जनुकात लॉग2 प्रमाणावर (जिथे 1 चा फरक म्हणजे दुप्पट) फरक 0.15, म्हणजे जेमतेम 11 टक्के वाढ, आणि प्रचरण (मापने किती विखुरलेली आहेत याचे माप) 0.001, त्याचा टी येतो 5.8. दुसऱ्यात फरक 1.5, म्हणजे जवळपास पावणेतीनपट वाढ, पण प्रचरण 0.16, त्याचा टी 4.6. साध्या चाचणीत पहिले जनुक वर बसते.

बेझियन पद्धत इथे एक साधा, पण मला आजही फार सुंदर वाटणारा विचार मांडते: एका जनुकाचे प्रचरण ठरवताना बाकीच्या जनुकांचीही साक्ष काढावी. सर्व जनुकांच्या विदेवरून प्रचरणाचे पूर्ववितरण (ते साधारण किती असावे, याचा आधीचा अंदाज) अंदाजले जाते आणि प्रत्येक जनुकाचे प्रचरण त्या दिशेने ओढले जाते. समजा, पूर्वअंदाज 0.05 आहे आणि त्याचे वजन 4 स्वातंत्र्यांशांचे (अंदाजामागच्या स्वतंत्र माहितीच्या एककांचे) आहे. आपल्या सहा नमुन्यांचे स्वातंत्र्यांशही 4 च. मग पहिल्या जनुकाचे प्रचरण 0.0255 होते आणि टी 1.15 वर घसरतो, तर दुसऱ्याचे 0.105 होऊन टी 5.7 वर जातो. क्रम उलटतो. हा हिशेब एकदा कागदावर स्वतःच्या हाताने करावा, असा माझा नवोदितांना आग्रह आहे, कारण तो केल्याशिवाय ही ओढ अंगवळणी पडत नाही.

लोनस्टेट आणि स्पीड यांनी 2002 मध्ये मायक्रोॲरेसाठी (हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजणाऱ्या चिपसाठी) बी हे संख्याशास्त्रीय माप मांडले. गॉर्डन स्मिथ यांनी 2004 मध्ये ते कोणत्याही रेषीय प्रतिमानासाठी विस्तारले. 'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील 'लिमा' हे पॅकेज त्यावरच उभे आहे. बी म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती खरोखर बदलली असण्याच्या शक्यता-गुणोत्तराचा (बदलली असण्याची संभाव्यता भागिले नसण्याची) नैसर्गिक लॉग. बी शून्य असेल तर शक्यता निम्मी-निम्मी. बी 2 असेल तर गुणोत्तर सुमारे 7.4, म्हणजे संभाव्यता 88 टक्के. मात्र ही टक्केवारी अहवालात लिहिण्यापूर्वी थांबावे. बदललेल्या जनुकांचे प्रमाण किती, हे 'लिमा' आधीच गृहीत धरते आणि न सांगितल्यास ते 1 टक्का मानते. हा आकडा बदलला की बीचे मूल्य सरकते. क्रमवारी सहसा तशीच राहते, म्हणून मी बीचा क्रम वापरते आणि त्याच्या मूल्याबाबत सावध राहते.

आरएनए-सीक्वेन्सिंगच्या, म्हणजे जनुकांचे आरएनए तुकडे वाचून मोजण्याच्या नव्या पद्धतीच्या, मोजणीत प्रचरण अभिव्यक्तीच्या पातळीनुसार बदलते. तिथे त्यासाठीच बनवलेले 'व्हूम' किंवा 'डीसेक2' हे साधन वापरावे. अत्यल्प मोजणीची जनुके आधीच वगळावीत. आणि एक गोष्ट कोणतेही पूर्ववितरण दुरुस्त करू शकत नाही: सगळे बाधित नमुने एका दिवशी आणि सगळे निरोगी दुसऱ्या दिवशी तपासले असतील, तर दिसणारा फरक आजाराचा की दिवसाचा, हे त्या विदेतून वेगळे काढताच येत नाही. म्हणून नमुने तपासायला जाण्यापूर्वीच त्यांची वाटणी विचारून घ्यावी.

आता यादी सोपवण्यापूर्वी मी पहिल्या वीस जनुकांचे सहाही बिंदू आलेखावर काढते. एकाच नमुन्याने सगळा फरक ओढून नेला असेल, तर तो तिथे लगेच डोळ्यांत भरतो.