केस जायला लागलेत? मग लोकांच्या नजरेचं काय करायचं ते सांगतो

माझे पुढचे केस 25 व्या वर्षी मागे सरकायला लागले आणि तिशीत डोक्यावर मधोमध चांगलं क्रिकेटचं ग्राउंड तयार झालं, त्यामुळे पुढचं सगळं स्वतःच्या डोक्यावर करून बघितलेलं आहे. केस परत कसे आणायचे ते सांगणारे यूट्यूबवर शेकड्याने पडलेत. मी जास्त करून लोक कसे बघतात त्याबद्दल बोलणार आहे.

आधी एक हिशोब डोक्यात बसवा. लोक तुमच्याकडे तुम्हाला वाटतं तेवढं बघत नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग 2000 साली छापून आला होता, पोरांना घालायला लाज वाटेल असा एका गायकाच्या फोटोचा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं की किती जणांच्या लक्षात आलं असेल, तर ती म्हणाली निम्म्यांच्या तरी, आणि प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. तुमच्या भांगाचं पण तेच आहे.

पण म्हणून कोणाला काही फरकच पडत नाही असं म्हणणं हा शुद्ध खोटेपणा आहे. देखणा माणूस हुशार पण असणार, स्वभावाने पण चांगला असणार असं आपण सगळेच नकळत धरून चालतो, थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्येच याला हेलो इफेक्ट असं नाव दिलंय. आणि आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर बुलढाणा आठवा. डिसेंबर 2024 - जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस दोन-चार दिवसांत हातात यायला लागले, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम नावाच्या खनिजाकडे बोट दाखवलं, ते सगळं पेपरात आलंच, पण केसांच्या जोडीने ठरलेली लग्नं मोडली, पोरापोरींचं कॉलेज सुटलं, लोक हसले ते वेगळंच. केस गेल्याने तब्येतीला जेवढा त्रास झाला त्याहून जास्त लोकांनी दिला.

आता मुद्द्याचं. लोकांना टक्कल खटकत नाही एवढं लपवलेलं टक्कल खटकतं. डाव्या कानावरचे केस वीतभर वाढवून उजवीकडे नेऊन चिकटवायचे, हे मी दोन वर्षं केलं. लोकलच्या दारात उभं राहायची सोय नाही, सतत एक हात डोक्यावर, आणि समोरचा माणूस बोलताना डोळ्यांऐवजी कपाळाच्या वर बघतोय हे आपल्याला कळतंय आणि आपल्याला कळलंय हे त्यालाही कळतंय. कळस म्हणजे कांदेपोह्याचा कार्यक्रम. बायोडेटात पाच वर्षांपूर्वीचा, ट्रेकला टोपी घातलेला फोटो आईने लावला होता. मुलीचे काका हातात फोटो धरून एकदा फोटोकडे एकदा माझ्याकडे बघत होते, बँकेत सही जुळवतात ना तसे. मुलगी शांतपणे म्हणाली, "हा फोटो कधीचा आहे?" तिला केसांचं काही पडलं नव्हतं हो, हे लोक अजून काय काय लपवतायत एवढंच तिच्या डोक्यात आलं असणार, आणि तिचं काही चुकलं नाही.

म्हणून स्थळांसाठी फोटो याच महिन्यातला, टोपीविना, खिडकीसमोर तोंड करून काढलेला. ट्यूबलाइटच्या बरोबर खाली उभं राहू नका, वरून उजेड पडला की आहे त्यापेक्षा विरळ दिसतं. केसांचा पॅच, म्हणजे टकलापुरता विग, लावत असाल तर खुशाल लावा, पण पत्रिका जुळण्याच्या आधी सांगून टाका. नकार येतील, येऊ द्या, ते हॉलच्या ॲडव्हान्सनंतर येण्यापेक्षा बरे.

दुसरं, केस बारीक करा. 2012 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या व्हॉर्टन स्कूलमधला एक अभ्यास आला होता, त्यात एकाच माणसाचा फोटो केसांसकट आणि केस पुसून दाखवला, तर तुळतुळीत डोक्याचा माणूस लोकांना जास्त दरारा असलेला, इंचभर उंच आणि 13 टक्के जास्त ताकदवान वाटला. वय मात्र जास्त वाटलं आणि दिसायला थोडा डावा, म्हणजे फुकट काही नाही. पण विरळ केस ठेवलेले पुरुष दरार्‍यात सगळ्यात मागे राहिले, आणि आपण नेमके तिथेच अडून बसतो.

फक्त एकदम झिरो मारू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा होतो. मी एका रविवारी झिरो मारून सोमवारी ऑफिसला गेलो तर वॉचमनने हळू आवाजात विचारलं, "घरात कोणी गेलं का साहेब?" आणि लिफ्टमध्ये दुसर्‍याने विचारलं तिरुपती कसं झालं. सुतकातलं क्षौर आणि बालाजी, आपल्याकडे तिसरं कारण कोणाला सुचतच नाही. तेव्हा पायरीपायरीने उतरा, आधी मशीनचा तीन नंबर, महिन्याने दोन, म्हणजे 6 मिलिमीटर, मग एक, म्हणजे 3. आणि मिशी किंवा दाढी अजिबात काढू नका, डोकं आणि मिशी एकाच दिवशी गेली की लोक थेट भेटायलाच येतात. डोक्याला सनस्क्रीन लावा, मे महिन्यात टाळू भाजते, सालं निघतात.

औषधांचं थोडक्यात. रोज 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी भसाभस गळतात ते बहुतेक वेळा परत येतात. एकाच जागी गोल चट्टा पडला तर ती चाई, ते प्रकरण वेगळं. घराण्यातून आलेल्या टकलावर मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड हीच दोन जुनी औषधं आहेत, मिनॉक्सिडिल मुळात बीपीची गोळी, तिने अंगावर केस वाढतात हे लक्षात आल्यावर डोक्याला लावायला लागले. सुरुवातीला उलट जास्त गळतात, फरक दिसायला चार-सहा महिने, बंद केलं की आलेलं जातं. फिनास्टेराइडचे काहींना लैंगिक आणि मूडचे साइड इफेक्ट होतात म्हणून स्किनच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. तेलाने मालिश छान वाटते, झोपही लागते, टकलावर केस काही येत नाहीत. ट्रान्सप्लांटला जाताना हातात सुरी कोणाच्या असणार ते आधी विचारा, यूट्यूब किंवा वर्कशॉप बघून शिकणं म्हणजे ट्रेनिंग नव्हे असं नॅशनल मेडिकल कमिशनला 2022 मध्ये लिहून सांगावं लागलं, यावरून काय ते समजा.

चिडवणार्‍यांसाठी एकच उत्तर तयार ठेवा आणि दर वेळी तेच द्या. माझं आहे, "शॅम्पूचे पैसे वाचवून ईएमआय भरतो." तिसर्‍यांदा ऐकलं की माणूस कंटाळतो. आत्या-मावश्यांना उत्तर द्यायची गरज नाही, त्या स्वतःच "टक्कल म्हणजे पैसा येतो रे" म्हणून समजूत काढतात, माझा अजून यायचाय. पण मीटिंगमध्ये साहेब रोजच टकल्या म्हणत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, बाजूला घेऊन एकदा स्पष्ट सांगा. इंग्लंडमध्ये सुपरवायझरने टकल्या म्हणून शिवी दिली तर 2022 साली कामगार ट्रिब्युनलने तो लिंगावरून केलेला छळ धरला, कारण टक्कल जास्त करून पुरुषांनाच पडतं.

हे सगळं पुरुषांसाठी झालं. बहिणीचे किंवा बायकोचे केस विरळ होत असतील तर तिला "बारीक काप" हा सल्ला चुकूनही देऊ नका. आपल्याकडे बाईचं डोकं भादरणं म्हणजे विधवेचं केशवपन होतं, त्याविरुद्ध 1890 मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत न्हाव्यांनाच उभं केलं होतं, आणि ती नजर अजून पूर्ण गेलेली नाही. तिला थायरॉइड आणि लोहाची तपासणी करायला सोबत जा आणि भांग बदलून, पावडर लावून लपवत असेल तर लपवू द्या.

शेवटचं, लग्न ठरलंच तर फेट्याचं बघा. तुळतुळीत डोक्यावर तो सरकतो, माझा सप्तपदीत डोळ्यावर आला होता. दोन-तीन दिवस आधी मशीन थांबवा, खुंट आले की कापड धरून बसतं, नाहीतर फेटेवाल्याला आतून सुती रुमाल बांधायला सांगा.